क्वीनी पेपरकॉर्नची शाही सलामी

कॉफीचे लोटे आधी खाली ठेवा. मस्करी नाही करत! मागच्या खेपेला हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून कॉफी बाहेर आली आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्याची वाट लागली. ठेवले? हं. आता ऐका, माणूस स्वतःच्या हातानं स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो ते.

तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि मी चोवीस वर्षांचा होतो. म्हैसुरात लष्कर मोहल्ल्यात आमचं घर. आजा, पणजा सगळे महाराजांच्या फौजेत. माझ्या वाट्याला त्या फौजेतल्या फक्त मिशा आल्या. मी आमच्या हणमंतमामांच्या बँडात कॉर्नेट वाजवायचो. कॉर्नेट म्हणजे तो पितळी वाजा, पुढं कर्ण्यासारखं तोंड आणि वर तीन खुंट्या. मामा पलटणीच्या बँडातून निवृत्त झालेले. त्यांनी मोहल्ल्यात स्वतःचा बँड काढला होता. माणसं नऊ आणि वाद्यं सात. उरलेले दोघं नुसते गणवेश घालून चालायचे, पण काय रुबाबात चालायचे!

विलायती सुरावटीचे कागद वाचायला मामांनी मला शिकवलं होतं. ते मला पक्कं यायचं. पण मी सगळीकडे सांगत सुटलो होतो की मला इंग्रजीसुद्धा येतं. खरं काय, तर इंग्रजी अक्षरं माझ्या ओळखीची होती, शब्द नव्हते. तरी मोहल्ल्यात कुणाकडे तार आली की लोक माझ्याकडे यायचे. आता तारेत असून असून काय असणार? कुणी येणार, नाहीतर कुणी गेलं. घरच्यांचे चेहरे बघून मी अंदाज बांधायचो. एकदा एकाच्या घरी नातू झाल्याची तार आली आणि मी तोंड पाडून म्हणालो, "मन घट्ट करा." अर्धा तास रडारड झाली हो! पण ते जाऊ द्या, तो काही आजचा विषय नाही.

तर एक कॉफीच्या मळ्याचा साहेब विलायतेला परत चालला होता. त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात मामांनी माझ्यासाठी कॉर्नेट घेतला, चांगला पेटीसकट. घरी आणून पेटी उघडतो तर आतल्या मखमलीखाली कागदांची चळत! सुरावटीचे कागद, आणि सगळ्यात वर रंगीत मुखपृष्ठ.

मुखपृष्ठावर एक दहा-बारा वर्षांची मुलगी. झगा, ढगळ बूट, डोक्यावर काहीतरी उपडं घातलेलं, डोळे मिटलेले, नाक आभाळाकडे आणि तोंड हे एवढं उघडं! मागं फळीवरची कपबश्यांची आख्खी रांग खाली कोसळतेय. आणि वर ठसठशीत इंग्रजीत लिहिलेलं.

मामांनी विचारलं, "काय लिहिलंय रे यशवंता?"

आता बघा, इथंच मी "माहीत नाही" म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही! समोर बँडातली आठही माणसं बसलेली. मी घसा साफ केला आणि बोट ठेवून वाचायला लागलो.

"क्वी... नी... क्वीन! मामा, क्वीन! राणी!"

"राणी?" मामा ताठ बसले.

"पे... पर... पेपर... एम्परर! सम्राट! पुढं कॉर्न... कॉर्न... कॉरोनेशन! राज्याभिषेक! ग्रँड मार्च!" मला घाम फुटला, पण आनंदानं. "मामा, विलायतेच्या राणीच्या राज्याभिषेकाची शाही सलामी आहे ही!"

आता खरं काय लिहिलं होतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी कीव करायला तुम्हाला पुरेसा वेळ मिळेल. लिहिलं होतं, 'क्वीनी पेपरकॉर्न्स ग्रँड मार्च'. क्वीनी पेपरकॉर्न ही विलायतेच्या एका वर्तमानपत्रात दर रविवारी चौकोनाचौकोनांत छापून येणाऱ्या चित्रांच्या गोष्टीतली कार्टी. पेपरकॉर्न म्हणजे मिरीचा दाणा. बाप मिऱ्यांचा व्यापारी, त्यामुळं घरभर मिरपूड, त्यामुळं ही सारखी शिंकणार आणि शिंकली की घरातलं काहीतरी मोडणार. बस, एवढीच गोष्ट! तिकडच्या लोकांना ती इतकी आवडली की कुणीतरी तिच्या नावानं गाणंच रचलं. पण हे मला कळायला अजून दोन महिने होते.

मामांनी चित्र हातात घेतलं. "राणी एवढीशी?"

"लहानपणचं चित्र आहे."

"डोक्यावर काय?"

"मुकुट." ते पातेलं होतं.

"आणि तोंड का उघडलंय?"

"शपथ घेतेय ना राज्याची!"

"मग ही कपबश्यांची रांग?"

"तोफा उडाल्या, मामा. हादऱ्यानं भांडी पडली."

मामांनी कागद कपाळाला लावला.

आमचा ढोलवाला सिद्दप्पा मात्र कागदाकडे वाकून बघत होता. सुरावटीत तीन ठिकाणी वाद्यांनी थांबायचं होतं आणि त्या मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरांत एकच शब्द छापलेला. त्यानं कन्नड थाटात विचारलं, "रायरे, म्हणजे राव, हे काय?"

मी अक्षरं जुळवली. "आ... टि... शू. आटिशू!"

"म्हणजे?"

"जयजयकार! आपण 'महाराज की जय' म्हणतो ना? तिकडं राणीला 'आटिशू' म्हणतात. फार जुना दरबारी शब्द आहे."

सिद्दप्पा कागदावर आणखी वाकला. मग हळूच म्हणाला, "सीनिदंगिदेयल्री!" म्हणजे, शिंकल्यासारखं वाटतंय हो.

"सिद्दप्पा," मी म्हणालो, "तू ढोल वाजव."

चाल बसवायला घेतली. आता तुम्हाला काय वाटतं, शाही सलामी कशी असते? धीरगंभीर, अल्वा, हो ना? ही चाल नुसती टणाटण उड्या मारत होती! सूर घसरायचे, सांडायचे, मध्येच कोलांटी घ्यायचे. मामा म्हणाले, "यशवंता, ही राणी चालते का नाचते?" मी म्हणालो, "घोड्यावर आहे, मामा." घोडा म्हटल्यावर पलटणीच्या माणसाचं समाधान झालं.

मोहल्ल्यात बातमी पसरली. आम्ही सराव सुरू केला की रस्त्यावरचे लोक जागच्या जागी उभे राहायला लागले. न्हावी वस्तरा धरून उभा, समोरचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उभं. पलीकडच्या आळीतला रंगारी निळीच्या पिंपातून काढलेलं लुगडं हातात धरून उभा राहायचा. लुगडं ठिबकतंय, पण हा हलत नाही! महिनाभर त्याचे पाय घोट्यापर्यंत निळे होते. आणि वाद्यं थांबली की सगळा रस्ता एका सुरात, "आटिशू!"

छाती अशी फुलायची माझी!

याच सुमारास हुणसूरहून माझ्यासाठी स्थळ आलं. दफेदार मानाजीराव. महाराजांच्या घोडदळातून निवृत्त झालेले, आता हुणसूरजवळ तंबाखूची शेती. मिशा अशा की माझ्या मिशा त्यांच्यापुढं शाळेत जाणाऱ्या वाटाव्यात. एकुलती एक मुलगी, तुळजा. बायको गेल्यावर त्यांनी मुलीला मिशनच्या शाळेत घातलं होतं.

मी आणि मामा बसनं हुणसूरला गेलो. दफेदारांनी मला वरपासून खालपर्यंत घोडा निरखावा तसं निरखलं. नशीब, दात नाही बघितले.

"वाजंत्री आहात?" त्यांनी विचारलं.

"बँडात आहे."

"तेच ते. लग्नात पुढं वाजवत चालणाऱ्याला मी मुलगी देत नाही."

मामा चट्कन म्हणाले, "लग्नातला नाही हो दफेदार! विलायतेच्या राणीची शाही सलामी वाजवणारा आख्ख्या संस्थानात हा एकटा आहे."

दफेदारांच्या भुवया वर गेल्या. "वाजवा."

मी कॉर्नेट काढला. पहिला सूर निघाला आणि दफेदार ताडकन उभे राहिले, हात कपाळाला! घोड्यावरून पडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा दुखरा झाला होता. तो लटलट कापत होता, पण माणूस ढळला नाही. मीही चेकाळून सगळी चाल दोनदा वाजवली. "आटिशू"चा अर्थ मामांनी समजावून सांगितल्यावर त्यांनी तीनही वेळा तो असा गर्जून म्हटला की मागच्या गोठ्यातली म्हैस हंबरली. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. राजनिष्ठेचं की गुडघ्याचं, देव जाणे.

तेवढ्यात तुळजा कॉफी घेऊन आली. उंच, सावळी, डोळे कमालीचे चौकस. तिनं लोटा माझ्यापुढं ठेवला आणि माझ्या बाजूला पडलेल्या मुखपृष्ठाकडे तिची नजर गेली. ती थबकली.

"हे चित्र पाहू का?" तिनं विचारलं.

मी मोठ्या ऐटीत दिलं.

"ही कोण?"

"विलायतेची राणी."

तिनं चित्र बघितलं. मग मला बघितलं. मग परत चित्र. "हिला सर्दी झालेली दिसते."

"तिकडची हवाच तशी आहे," मी म्हणालो.

तुळजानं पदर तोंडात कोंबला आणि ती आत पळाली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग कण्हल्यासारखा आवाज आला. मामा माझ्या कानाशी लागले, "मुलगी लाजली रे!"

चांगली दहा मिनिटं लाजत होती ती.

दफेदार म्हणाले, "ऐका. पुढच्या महिन्यात इथं गुरांचं आणि तंबाखूचं प्रदर्शन आहे. कॉफी कंपनीचा मोठा साहेब येणार आणि त्याची आई खास विलायतेहून आलीय, तिच्या हस्ते उद्घाटन. स्वागताची व्यवस्था अमलदारसाहेबांनी माझ्यावर सोपवलीय. तुमचा बँड वाजेल. विलायतेच्या पाहुण्याला विलायतेच्या राणीची सलामी! हे नीट पार पडलं, तर मुलगी तुमची."

"आणि नाही पडलं तर?" मामांनी विचारलं.

दफेदारांनी नुसतं दाराकडे बघितलं.

प्रदर्शनाच्या आधी आठवडाभर आमचा मुक्काम हुणसुरात. तालुक्याचे अमलदार इंग्रजी शिकलेले. त्यांनी नुसतं एकदा ऐकलं असतं तरी सगळं तिथंच थांबलं असतं. पण ते नेमके दौऱ्यावर! आणि दफेदारांनी स्वागताला जमवलेल्या गावोगावच्या पटेलांची रोज कवायत सुरू केली. सत्तर पटेल, डोक्याला रुमाल, रांगेत उभे.

"छाती पुढं! पोट आत! नजर समोर! बोला..."

"आट्टिसू!"

"आट्टिसू नाही! आटिशू! परत!"

एका म्हाताऱ्या पटेलाला पुढचे दात नव्हते. त्याच्या 'शू'बरोबर समोरच्या माणसाची मान ओली व्हायची. त्याला शेवटी पहिल्या रांगेत आणला, म्हणजे त्याच्या पुढं कुणी नको. कुठं आणला? पहिल्या रांगेत! पाहुण्यांच्या समोर!

प्रदर्शनाच्या सकाळी मी बैलांच्या दावणीपाशी उभा राहून कॉर्नेट पुसत होतो. तुळजा आली. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाली, "अहो, एक सांगायचंय. ते वाजवू नका."

"का?"

"ती राणी नाही. आमच्या शाळेच्या मिसबाईंकडे वर्तमानपत्र यायचं, त्यात ही..."

आता सांगा, शहाणा माणूस काय करतो? ऐकून घेतो! मी काय केलं? हात वर केला, असा, आणि हसून म्हणालो, "अशा मोठ्या दिवशी बायकांना भीती वाटतेच. दरबारी गोष्टी आहेत या. तुम्हाला नाही कळायच्या."

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी सर्दीचं म्हटलं, आज सरळ सांगितलं, दोनदा सांगून पाहिलं मी," ती म्हणाली. "आता मी पुढं जागा धरून बसते. मला नीट दिसलं पाहिजे." आणि गेली.

मला वाटलं, माझा कॉर्नेट ऐकायला उतावीळ झालीय.

दहाच्या सुमाराला मोटार आली. साहेब उतरला, धिप्पाड, लालबुंद. आणि मागून त्याची आई. काठीसारखी उभट म्हातारी, मोठी हॅट, हातात रुमाल. आणि काय सांगू, नशीब माझं! म्हातारीला जबरदस्त सर्दी झाली होती. नाक टोमॅटोसारखं लाल, डोळे पाणावलेले. त्यातून मांडवाच्या एका बाजूला गुरं आणि दुसऱ्या बाजूला वाळलेल्या तंबाखूच्या पानांचे हे उंच ढीग!

अमलदारांनी हार घातला. दफेदारांनी तलवारीसारखा हात खाली आणला. मामांनी काठी फिरवली आणि आम्ही सुरू झालो.

म्हातारीनं चमकून मान वर केली. मला वाटलं, ओळखीची चाल ऐकून ऊर भरून आला. वाद्यं थांबली. सत्तर पटेलांनी छाती भरून घेतली.

"आटिशू!"

म्हातारी दचकली, आणि तिकडं कुणी शिंकलं की म्हणतात ते तोंडातून सवयीनं निघून गेलं, "गॉड ब्लेस यू!"

एवढं इंग्रजी मला येत होतं! मी मामांकडे वळलो, "मामा! आशीर्वाद देतेय! देव तुमचं भलं करो म्हणतेय!" मामांनी दफेदारांना सांगितलं, दफेदारांनी पटेलांना. मांडवात आनंदाची लाट उसळली. प्रत्यक्ष विलायतेची म्हातारी आशीर्वाद देतेय म्हटल्यावर काय हो! दुसऱ्या थांब्याला पटेलच नव्हे, मागं गुरं घेऊन आलेले तीनशे शेतकरीही ओरडले.

"आटिशू!!"

"गॉड ब्लेस... यू ऑल!" म्हातारी गोंधळून चौफेर बघत म्हणाली.

इकडं साहेबाचा चेहरा बदलायला लागला. त्याच्या डोक्यात काय आलं असेल बघा. आई सकाळपासून शिंकतेय, आणि आख्खा तालुका रांगेत उभा राहून, बँड लावून, तिच्या शिंकण्याची नक्कल करतोय! तो अमलदारांच्या कानाशी काहीतरी गुरगुरला. अमलदार पांढरेफटक पडले. हात हलवत आमच्याकडे धावले, "निल्लिसी! निल्लिसी! थांबवा!"

पण सिद्दप्पाच्या ढोलापुढं कुणाचं काय ऐकू येणार? मला वाटलं, अमलदारसाहेब तालावर हात हलवताहेत. मी अजून जोरात फुंकलं. तिसरा थांबा आला. वाद्यं गप्प झाली. पटेलांनी छाती फुगवली, आणि त्या शांततेत, त्यांच्या आधी, व्यासपीठावरून म्हातारीच शिंकली.

"आ... टि... शू!"

अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे! एक अक्षर कमी नाही की जास्त नाही!

दफेदारांचे डोळे भरून आले. "उलट सलामी दिली!" ते गरजले. "परत बोला!"

आणि मग जो आवाज उठला ना, तो थेट म्हैसूरच्या बन्नीमंटपाच्या मैदानापर्यंत गेला असेल! इतका की दावणीचा एक बक्षिसाचा बैल बिथरला, खुंटा उपटून सुटला आणि सरळ तंबाखूच्या ढिगात शिरला. शिंगांनी त्यानं पानं अशी उधळली की मांडवभर तांबूस धुरळा! पुढं काय झालं ते सांगायला हवं का? पटेल शिंकायला लागले. शेतकरी शिंकायला लागले. अमलदार "माफ करा" म्हणता म्हणता शिंकले. साहेब ओरडायला तोंड उघडतो आणि शिंकतो. मामांनी ट्रॉम्बोनवाल्याच्या तोंडातून वाद्य काढलं, कारण तो आत शिंकला आणि त्यातून जो सूर निघाला तसा सूर मी आजतागायत ऐकलेला नाही. बिनदातांचा पटेल पहिल्या रांगेत, हे विसरू नका. आता जयजयकार कुठला आणि शिंक कुठली, काही कळायला मार्ग नाही! आणि या सगळ्यात दफेदार मानाजीराव एका जागी ताठ, हात कपाळाला, शिंकताहेत पण सलामी सोडत नाहीत!

सिद्दप्पानं ढोल खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "सीनु," तो म्हणाला. शिंक. बस, एकच शब्द.

धुरळा बसला तशी बैलाला धरून नेलं. साहेब तरातरा आमच्याकडे आला आणि माझ्यापुढचा कागद हिसकावला. वाचायला लागला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेवढ्यात मागून म्हातारी आली. तिनं चश्मा चढवला, मुखपृष्ठ बघितलं, आणि किंचाळली, "क्वीनी पेपरकॉर्न!"

आणि हसायला लागली. अशी हसली, अशी हसली की तिला खुर्ची आणून द्यावी लागली. हॅट पडली, रुमाल पडला. साहेबाचा दंड धरून काहीतरी सांगत होती आणि परत हसत होती. शेवटी साहेबही हसायला लागला. अमलदारांचा जीव भांड्यात पडला.

दफेदार लंगडत पुढं आले. "अमलदारसाहेब, बाई राणीसरकारांबद्दल काय म्हणताहेत?"

अमलदारांनी घाम पुसला. "दफेदार, राणी वगैरे कुणी नाही. ही कागदावरची मुलगी आहे. वर्तमानपत्रात दर रविवारी येते आणि शिंकते."

"शिंकते?"

"शिंकते आणि भांडी फोडते. बाईसाहेब म्हणताहेत, आपण दर रविवारी चर्चमधून येऊन आधी हिचीच गोष्ट वाचायचो."

"आणि तो जयजयकार?"

अमलदार खाली बघत म्हणाले, "इंग्रजीत शिंकेचा आवाज तसा लिहितात."

मांडवात सत्तर पटेल एकमेकांकडे बघायला लागले. शुभकार्याच्या आरंभाला एक शिंक आली तर आपण परत घरात जाऊन बसतो, अल्वा? इथं उद्घाटनाला सत्तर पटेलांनी आठवडाभर सराव करून आणि तीनशे शेतकऱ्यांनी बिनसराव शिंका दिल्या होत्या! दोघंतिघं पटेल तिथूनच डोक्याचा रुमाल बगलेत मारून गावाकडे निघाले.

दफेदार माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "म्हणजे या गुडघ्यावर," ते म्हणाले, "आठ दिवस... मी एका शेंबड्या पोरीला सलामी देत होतो?"

मी नजर फिरवली. पहिल्या रांगेत तुळजा बसली होती. आता तिनं पदरसुद्धा तोंडाला लावला नव्हता. उघडउघड, दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती.

म्हातारीनं आम्हाला ती चाल आणखी दोनदा वाजवायला लावली आणि स्वतः काठी आपटून ताल धरला. असं स्वागत आपलं जन्मात कुठं झालं नाही, असं ती म्हणाल्याचं अमलदारांनी सांगितलं. पण माझं त्यात लक्ष नव्हतं. माझं लग्न मोडलं होतं. मामा म्हणाले, "यशवंता, निदान जाऊन माफी तरी माग."

दुपारी दफेदारांच्या घरी गेलो. ओसरीवर पोचलो, पण आत जायचा धीर होईना. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"त्याच्या मामांना कळवून टाकतो," दफेदार म्हणत होते. "जमत नाही म्हणून."

"कशाला?" तुळजाचा आवाज. "मला हाच नवरा हवा."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना! मी खांबाला धरलं. छाती परत फुगायला लागली. म्हटलं, बघा! शेवटी गुण तो गुणच! आता ही बापाला माझ्या वाजवण्याबद्दल सांगणार, निदान माझ्या मिशांबद्दल तरी. मी दाराला कान लावला.

"अगं, इतकी चांगली स्थळं आहेत," दफेदार कळवळून म्हणाले. "याच्यात तुला दिसलं तरी काय?"

"बाबा, बाकीचे सगळे नवरे लग्नानंतर जन्मभर बायकोला अक्कल शिकवतात," तुळजा म्हणाली. "याची ती सोय राहिली नाही."

लग्न होऊन आज एकतीस वर्षं झाली. खरंच नाही राहिली हो.